एका हंडीची सात मते

मित्रांनो, दार वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून ज्या काळ्या, जड वस्तूला तुम्ही येता-जाता पायाने ढकलता, तिच्याकडे आज जरा वाकून बघा. मी बिडाची जुनी हंडी आहे. लॅमरफर्ड गावच्या सभागृहाच्या दारात कित्येक वर्षे पडून आहे. मला तीन पाय होते, त्यातले आता अडीच उरले आहेत. सभागृहाची देखभाल करणाऱ्या मिसेस पिनसेंट मला हाताने उचलतही नाहीत. बुटाच्या टोकाने दारापाशी सरकवतात आणि म्हणतात, "बस इथे, म्हातारे." मला त्यांचा राग येत नाही. राग यायलाही अंगात थोडी ऊब लागते.

आज इथे मतदान आहे, म्हणून जुने आठवले. एरवी मी बोलत नाही. बोलून दमायला होते.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका ओतशाळेत झाला. ओल्या वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला, तो निवला आणि मी झाले. म्हाताऱ्या ओताऱ्याने माझ्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे हिचा. तीन पिढ्या टिकेल." त्याचा अंदाज फारच चुकला. तीन पिढ्यांनंतर मला थांबू दिले असते तर मी कोणाला नको म्हटले नसते.

लॅमरफर्डच्या जत्रेत एका बाईने मला घेतले आणि पाठीवर बांधून घरी नेले. तिची मुलगी टॅमझिन माझ्यातली जवाची पेज खाऊन मोठी झाली. टॅमझिनचे लग्न सिलस हॅनफर्डशी ठरले तेव्हा आईने मला तिच्याबरोबर दिले. "माणसाचं मी काही सांगत नाही," ती मुलीला म्हणाली, "पण ही हंडी तुला उपाशी ठेवणार नाही. घालायला काहीतरी मिळव म्हणजे झालं."

सिलस लोकर विंचरायचा. तापवलेल्या लोखंडी फण्यांनी दिवसभर लोकर विंचरायची आणि संध्याकाळी खोकत घरी यायचे, हे त्याचे आयुष्य. तो उंच होता, हडकुळा होता आणि सरळ होता. इतका सरळ की कधीकधी टॅमझिनला त्याचा वैताग यायचा. टेंटर गल्लीतल्या सात घरांच्या ओळीत शेवटचे घर त्यांचे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे तुम्हाला खोटे वाटेल. त्या काळी मी नुसती हंडी नव्हते. आमच्या चार गल्ल्यांच्या गावातून लंडनच्या पार्लमेंटात दोन खासदार जात. गिरण्यांची मोठमोठी शहरे होती, माणसांनी फुललेली. त्यांना एकही खासदार नव्हता, आणि आम्हाला दोन! ते निवडायचे कोणी? गावचा नियम फार जुना होता. ज्याची स्वतःची चूल आणि त्या चुलीवर ज्याची स्वतःची हंडी उकळते, त्या पुरुषाला मत. दुसऱ्याच्या पंगतीला जेवणाऱ्याला मत नाही. आणि चर्चमधून गरिबांना मिळणारा खैरातीचा पाव ज्याने वर्षभरात एकदा जरी घेतला, त्यालाही नाही.

पूर्वी निवडणूक जवळ आली की लोक आपापल्या हंड्या रस्त्यावर आणून, दारासमोर दगड मांडून उकळवत, म्हणजे सगळ्या गावाला दिसावे. टॅमझिनच्या आईने ते पाहिले होते. माझ्या वेळेपर्यंत पद्धत बदलली होती. निवडणुकीच्या आधी नगरमुख्य वही आणि लाकडी पळी घेऊन घरोघरी फिरायचा. घरधन्याने टोपी काढून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, नगरमुख्याच्या आधी आत पाऊल टाकायचे नाही. नगरमुख्य आत जायचा, विस्तव बघायचा, हंडीत पळी बुडवून चव घ्यायचा आणि उंबऱ्यावर येऊन मोठ्याने म्हणायचा, "चूल याची, हंडी याची!" मग वहीत नाव चढायचे.

ती हाक ऐकताना सिलसचा चेहरा बघण्यासारखा होत असे. नगरमुख्य गेला की तो आत येऊन माझ्या पोटावर थाप मारायचा. वर्षानुवर्षे मला मिळालेले कौतुक ते एवढेच. टॅमझिन बाजूला फुंकणी घेऊन उभी असायची. विस्तव तिचा, फोडणी तिची, हंडी तिच्या आईची. पण शिजवणारी कोण, हे वहीत विचारलेले नव्हते.

मग दिवस पालटले. लोकर विंचरायची यंत्रे आली आणि सिलसच्या फण्या खुंटीवर टांगल्या गेल्या. अठराशे तीस सालचा हिवाळा मी विसरलेले नाही. त्या हिवाळ्यात टेंटर गल्लीतल्या सहा घरांच्या हंड्या भंगारात गेल्या आणि त्यांचे पाव झाले. ते पावही संपले. ती माणसे गाडग्यांत, कोणी डब्यात, कसेबसे शिजवू लागली. सातव्या घरात मी उरले होते, पण माझ्यात बहुतेक दिवस पाणी, मीठ आणि एक कांदा. मित्रांनो, रिकाम्या पोटाने चुलीवर बसण्याइतके थकवणारे काम नाही. हंडीलाही ते कळते.

चर्चचा पाव शुक्रवारी वाटत. त्या दिवशी टॅमझिन शाल गुंडाळायची आणि सिलस दारात आडवा उभा राहायचा.

"एक पाव आणते. एकच."

"नाही आणायचा."

"माझ्या हाताकडे बघ जरा. बांगडी घातली असती तर दंडापर्यंत चढली असती."

"टॅमझिन, तो पाव घेतला की माझं नाव गेलं. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"मी आहे," टॅमझिन म्हणाली. "पण माझं नाव वहीत नाही, म्हणून तुझ्या ध्यानात राहत नाही."

सिलस दारातून हलला नाही.

तो हट्ट नुसता अभिमानाचा नव्हता. त्याचा धाकटा भाऊ उत्तरेकडे एका गिरणीच्या शहरात कामाला होता. तिथे कोणालाच मत नव्हते. लंडनमध्ये त्या वर्षी नवा कायदा यायचा होता: आमच्यासारख्या चिमुकल्या गावांच्या जागा कमी करून त्या मोठ्या शहरांना द्यायच्या. पहिल्या यादीत लॅमरफर्डच्या दोनपैकी एक जागा जाणार होती. वसंतात अचानक निवडणूक लागली. एका बाजूला जहागीरदारांची माणसे होती. त्यांना होते तेच हवे होते. दुसऱ्या बाजूला एक नवा माणूस उभा राहिला, त्याला नवा कायदा हवा होता.

"भाऊ तिकडे रोज चौदा तास राबतो आणि त्याला कोणी विचारत नाही," सिलस टॅमझिनला म्हणाला. "मला विचारतात. या खेपेला माझं मत मी त्याच्यासाठी देणार. एवढं एक होऊ दे, मग तू म्हणशील तो पाव आण."

टॅमझिनने मान डोलावली. तिने सिलसचे म्हणणे मनावर घेतले, हे मला नंतर कळले. जरा जास्तच घेतले.

जहागीरदारांचा कारभारी मिस्टर ग्रिग हा काटेकोर माणूस होता. टेंटर गल्लीतली सातही मते नव्या माणसाची आहेत हे त्याला ठाऊक होते, आणि गल्लीत हंड्या उरल्या नाहीत हेही त्याने ऐकले होते. त्याने निरोप धाडला की या वेळी तपासणीला तो स्वतः नगरमुख्याबरोबर येणार.

नगरमुख्य होते ल्यूक वेस्टकॉट. धंद्याने भट्टीवाले, पाव भाजणारे. अंगाने इतके भरलेले की जाकिटाची बटणे कायम ताणलेली. वीस वर्षे तेच गावभर पळी बुडवत फिरत होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी पहिल्या घरातली हेप्झी क्लीव्ह टॅमझिनकडे आली. नवरा नेथन याची हंडी तिनेच भंगारवाल्याच्या गाडीत टाकली होती.

"तुझी हंडी उद्या घटकाभर दे," ती म्हणाली.

"तुला दिली तर बाकीच्या पाचजणी काय म्हणतील?"

"त्याच म्हणाल्या, आधी तू विचार म्हणून."

टॅमझिन हसली. त्या हिवाळ्यात मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिले. "सिलसला कळता कामा नये," ती म्हणाली. "त्याला कळलं तर तो स्वतः जाऊन ग्रिगला सांगेल. आणि ऐक, माझी हंडी रिकामी फिरायची नाही. ज्या घरी जाईल तिथं काहीतरी पोटात पडलं पाहिजे."

झाले! दुसऱ्या दिवशी सकाळी सात पुरुष टोप्या हातात घेऊन सात उंबऱ्यांबाहेर उभे राहिले. सहा जणांना आत काय चालले आहे ते माहीत होते. सातवा सिलस होता. त्याची पाठ दाराकडे होती आणि नजर सरळ समोर.

मी तेव्हा पहिल्या घरी, हेप्झीच्या चुलीवर. माझ्यात पाणी, मीठ, कांदा, रोजचेच. वेस्टकॉट आत आले, ग्रिग दारात नाकाला रुमाल लावून थांबला. वेस्टकॉट माझ्यावर वाकले. तेवढ्यात जाकिटाचे एक शिंगाचे बटण टचकन तुटले आणि माझ्यात पडले. कोणाच्या लक्षात आले नाही. मी काय सांगणार?

"चूल याची, हंडी याची," वेस्टकॉट उंबऱ्यावर म्हणाले. "क्लीव्ह, रस्सा फार पातळ आहे रे."

"साहेब, दात दुखतोय," नेथन म्हणाला आणि त्याने वेस्टकॉटना तोंड उघडून सगळे दात दाखवायला सुरुवात केली. तोवर टॅमझिन आणि हेप्झी यांनी माझ्या कडीतून काठी घालून मला मागच्या दाराने बाहेर काढले आणि बुटक्या भिंतीवरून पलीकडच्या अंगणात उतरवले. दुसऱ्या घरात विस्तव पेटलेला होताच. मूठभर भिजवलेले जव माझ्यात पडले. तिसऱ्या घरी सलगम पडले, कोणाच्या शेतातले ते मी विचारले नाही. चौथ्या घरी वाटाणे. पाचव्या घरी कोबीचा बाहेरचा पाला. प्रत्येक उंबऱ्यावर कोणी वेस्टकॉटना सफरचंदाच्या दारूचा घोट देई, कोणी सुजलेला गुडघा दाखवी, कोणी मेलेल्या सासूची आठवण काढून रडे. सासू मेल्याला नऊ वर्षे झाली होती.

"लवकर आटपा ना," ग्रिग दर घरी म्हणे.

"सासू गेलीय हो त्याची," वेस्टकॉट म्हणाले.

पाचव्या घरी पळी तोंडात घालून ते थबकले. त्यांनी पुन्हा एकदा बुडवली. "या गल्लीत खाली खाली जावं तसतसा स्वयंपाक सुधारतो वाटतं," ते म्हणाले.

ग्रिगने डोळे बारीक केले. "सगळ्या हंड्या एकसारख्या दिसतात मला."

"हंडी हंडीसारखीच दिसणार, साहेब. घोड्यासारखी कशी दिसेल?"

सहाव्या घरी खारवलेल्या मांसाची एक साल पडली आणि माझा वास गल्लीभर गेला. मी भरले होते, जड झाले होते. सातव्या घरी जाताना भिंतीवर टॅमझिनच्या हातातली काठी निसटली. मी कलले आणि माझा एक पाय दगडावर आपटून अर्धा तुटला. दुखले. पण एक थेंबही सांडला नाही, एवढे मला आजही सांगावेसे वाटते. टॅमझिनने मला चुलीवरच्या लोखंडी आकड्यावर टांगले आणि धापा टाकत फुंकणी हातात घेतली.

वेस्टकॉट आत आले. या वेळी सिलसही त्यांच्या मागोमाग आला, कारण नगरमुख्य आत गेल्यावर घरधन्याला मोकळीक असे. ग्रिगही आला. वेस्टकॉटनी पळी तळापर्यंत घातली आणि वर काढली. पळीत जव होते, वाटाणा होता आणि मधोमध शिंगाचे बटण होते.

वेस्टकॉटनी बटणाकडे पाहिले. मग मान खाली घालून जाकिटाकडे पाहिले. सिलसने बटण पाहिले, जाकिटावरची मोकळी जागा पाहिली, माझा तुटलेला पाय पाहिला. त्याला पत्ता लागायला वेळ लागला नाही. त्याने तोंड उघडले. मला वाटले, संपले सगळे. सात घरांचे संपले.

वेस्टकॉटनी पळी तोंडात घातली आणि रस्सा बटणासकट गिळला. त्यांचे डोळे पाण्याने भरले.

"काय होतं ते?" ग्रिग ओरडला. "काहीतरी कडक होतं!"

"हाड," वेस्टकॉट खोकत म्हणाले. "चांगलं हाड होतं." ते उंबऱ्यावर गेले आणि खरखरीत आवाजात म्हणाले, "चूल याची, हंडी याची!"

सातही नावे वहीत चढली. दुपारी सात घरची माणसे वाडगे घेऊन टॅमझिनच्या घरी आली आणि पोटभर जेवली. किती महिन्यांनी कोणास ठाऊक. मला तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला वाटतो. सिलस तेवढा जेवला नाही. सगळे गेल्यावर तो टॅमझिनसमोर उभा राहिला.

"खोट्यात पाडलंस मला."

"जेवायला घातलं तुला. ते काही तू घेतलं नाहीस."

"उपाशी राहिलो ते कशासाठी? नाव खरं राहावं म्हणूनच ना? आता मी शपथ कशी घेऊ, हंडी माझी म्हणून?"

"नकोच घेऊस!" टॅमझिन फुंकणी आपटून म्हणाली. "ती तुझी नव्हतीच कधी. माझ्या आईनं मला दिली. मी घासली, मी भरली, मी सात घरी नेली. तुझी कुठं आहे ती? नुसती थाप मारायला तुझी?"

सिलस चुलीपाशी खाली बसला आणि बराच वेळ माझ्या तुटक्या पायावरून अंगठा फिरवत राहिला. मला त्याची कीव आली. तिचीही आली.

मतदान बाजारातल्या लाकडी मचाणावर होते. तेव्हा चिठ्ठी नव्हती, पेटी नव्हती. नाव पुकारले की वर चढायचे, शपथ घ्यायची आणि कोणाला मत ते सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगायचे. हे मी चुलीवर बसून नेथनच्या तोंडून ऐकले. आमच्या गल्लीतल्या सहा जणांनी माझी शपथ खुशाल घेतली आणि नव्या माणसाचे नाव ठणकावून सांगितले. मग सिलस वर गेला.

"हंडी तुमची, शपथेवर?" लिहिणाऱ्याने विचारले.

सिलसने पायाखालच्या फळ्यांकडे पाहिले. खालून लोक ओरडू लागले, "अरे बोल की! जीभ पण विकलीस काय भंगारात?"

"या खेपेला नाही," सिलस शेवटी म्हणाला. "पुढच्या खेपेला देईन. नीट देईन." आणि तो खाली उतरला.

नवा माणूस एकोणीस मतांनी पडला. सिलसने मत दिले असते तर अठरा मतांनी पडला असता. नेथन म्हणाला, "एवढ्यासाठी वेस्टकॉटनी बटण गिळलं?" रात्रीचे जेवण टॅमझिनने सिलससमोर ठेवले आणि ती त्याच्या शेजारी बसली. त्या दिवशी तो जेवला.

पुढच्या खेपेला! मित्रांनो, हे शब्द मी किती जणांच्या तोंडून ऐकले आहेत. पण सिलसचे ऐकताना मलाही ते खरे वाटले होते.

आमच्या गावी पडलेली बाजू देशभर जिंकली. हिवाळ्यात लंडनमध्ये नवी यादी झाली. या वेळी त्यांनी प्रत्येक गावातली घरे मोजली. हंड्या कोणी मोजल्या नाहीत. लॅमरफर्डची घरे कमी भरली आणि आमच्या दोन्ही जागा गेल्या. अठराशे बत्तीसच्या उन्हाळ्यात कायदा झाला तेव्हा शेजारच्या गावांत घंटा वाजल्या, त्या आमच्या गल्लीत ऐकू आल्या. सिलसच्या भावाच्या शहराला दोन खासदार मिळाले. भावाला स्वतःला मत मिळाले नाहीच. त्याच्या खोलीचे भाडे कायद्याला पुरेसे वाटले नाही. सिलसला हवा होता तोच कायदा झाला, आणि त्याच कायद्याने सिलसचे मत गेले. लॅमरफर्ड नावाचा मतदारसंघ साडेतीनशे वर्षे होता, आता नव्हता. वेस्टकॉटनी वही कपाटात ठेवली आणि पळी घरी नेली.

शुक्रवारी टॅमझिनने शाल गुंडाळली. सिलस दारातून बाजूला झाला. "आता आण," तो म्हणाला. "आता काही जात नाही." तिने खैरातीचा पाव आणला, माझ्यातल्या रश्शात बुडवून त्याला दिला. तो खाताना रडत होता आणि खोकतही होता. दोन्ही एकदम करताना माणूस फार म्हातारा दिसतो.

पानगळीच्या दिवसांत खोकल्याने त्याला बिछान्यावर पाडले. शेवटच्या आठवड्यात तो टॅमझिनला म्हणाला, "त्या दिवशी देऊन टाकायला हवं होतं गं. हंडी तुझी म्हणून सांगायचं आणि मत द्यायचं. काय झालं असतं?"

"मचाणावरून ढकलून दिलं असतं तुला."

"तरी द्यायला हवं होतं."

"हो," टॅमझिन म्हणाली. "द्यायला हवं होतं." ती त्याचा हात धरून बसली. मी त्याच्यासाठी पाणी उकळत होते. तो गेला तेव्हा मी उकळतच होते.

डिसेंबरात नव्या कायद्याची पहिली निवडणूक झाली. गावोगाव गडबड होती. लॅमरफर्डात दुकाने नेहमीसारखी उघडली. त्या सकाळी टॅमझिनने मला आकड्यावरून काढले आणि दोन्ही हातांनी ओढत रस्त्यावर आणले. दारासमोर तीन दगड मांडले, जुन्या लोकांच्या पद्धतीने, आणि माझ्याखाली विस्तव केला. पाणी, मीठ, जव, सलगम. हेप्झी दारात येऊन म्हणाली, "अगं, हे काय? वेड लागलं का तुला?" टॅमझिनने विस्तवात आणखी एक काटकी सारली. ती विस्तवाशेजारी उभी राहिली. डोक्यावरची टोपी तिने काढून हातात धरली होती, सिलस धरायचा तशी.

मी उकळू लागले. थोड्या वेळाने वेस्टकॉट डोक्यावर पावांची पाटी घेऊन गल्लीत आले. त्यांनी हे पाहिले आणि पाटी हेप्झीच्या उंबऱ्यावर ठेवली. आल्या वाटेने परत गेले. मला वाटले, त्यांना अवघडल्यासारखे झाले असेल. पण ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या हातात लाकडी पळी होती. जाकिटाला ते एक बटण अजूनही नव्हते.

त्यांनी विस्तव पाहिला. वाकून पळी बुडवली, चव घेतली. मग सरळ उभे राहिले, स्वतःची टोपी काढली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "चूल हिची, हंडी हिची!"

टॅमझिनने त्यांच्याकडे पाहिले.

"वीस वर्षं चाखताय, वेस्टकॉट," ती म्हणाली, "आणि आज कळलं होय, कोणाची ते?"

"कळलं पहिल्याच वर्षी होतं," वेस्टकॉट म्हणाले. "वहीत लिहायला जागा नव्हती, टॅमझिनबाई. आता वहीच नाही."

तिने एक वाडगा भरून त्यांच्या हातात दिला. ते रस्त्यावर उभ्याउभ्या जेवले. मग हेप्झी आली, नेथन आला, सगळी गल्ली आली.

पुढचे सांगण्यासारखे फार नाही. टॅमझिन गेली. मी कोंबड्यांचे पाणी झाले, कोळशाचे टोपले झाले, एका लढाईच्या वेळी भंगारात जाता जाता वाचले. रस्त्यावरच्या त्या सकाळनंतर जवळजवळ नव्वद वर्षे गेली तेव्हा कुठे बायकांची नावे वहीत येऊ लागली. तोवर मी गंजले होते. मग कोणीतरी मला या दारात आणून टाकले.

आज सकाळी सातला मिसेस पिनसेंट यांनी मला बुटाने सरकवले आणि आत जाऊन टेबलापाशी बसल्या. त्यांच्या यादीत आठशे नावे आहेत. त्यातली निम्मी तरी बायकांची असतील. आता उंबऱ्याबाहेर कोणाला उभे करत नाहीत, कोणाची हंडी चाखत नाहीत, कोणी काय खाल्ले तेही विचारत नाहीत. नाव सांगायचे, कागद घ्यायचा. दुपार झाली, मी एकशे अकरा माणसे मोजली. मघाशी दोघे समोरून गेले. एक म्हणाला, "येतोस का आत?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या खेपेला."

मित्रांनो, मला घासू नका, तेल लावू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. मी दमले आहे आणि इथेच बरी आहे. मोठे झालात की एवढेच करा. मतदानाच्या दिवशी या दारापर्यंत आलात तर नुसते पुढे जाऊ नका. मला ओलांडून आत जा. घाईत माझ्या तुटक्या पायाला ठेच लागली तरी चालेल. संध्याकाळपर्यंत मी दार धरून ठेवते.